प्रतिग्रहाविना दान

जुने कपडे देऊन टाकताना आपण एक शब्द सहज उच्चारतो: दान. आमचा आक्षेप या शब्दाला आहे. कपड्यांच्या जागतिक बाजारात भाषेच्या अध्यापकांचे काय काम, असे कोणी विचारील. पण हा बाजार जहाजांइतकाच या शब्दाच्या आधाराने चालतो.

युरोप-अमेरिकेतील दानपेट्यांत पडणाऱ्या कपड्यांचा मोठा हिस्सा कोणाला फुकट मिळत नाही. त्याची प्रतवारी होते आणि तो वजनावर विकला जातो. घानातील आक्रा शहराच्या कांतामांतो बाजारात व्यापारी बंद गासडी विकत घेतात. आत काय आहे ते फोडल्यावरच कळते. विटका, फाटका माल निघाला तर नुकसान त्यांचे. न खपलेल्या चिंध्यांचा बराच भाग गटारांतून समुद्रकिनारी पोहोचतो. तेथे या कपड्यांना 'ओब्रोनी वावू' म्हणतात, म्हणजे मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे. जिवंत माणूस इतके कपडे टाकील कसा, हा त्या नावातला सवाल आहे.

आपल्या धर्मशास्त्रात दानाला प्रतिग्रह लागतो. घेणाऱ्याने स्वीकारल्याखेरीज दान पूर्ण होत नाही. ही कसोटी येथे लावून पाहावी. 2016 साली रवांडाने जुन्या कपड्यांवरील आयातकर किलोमागे 20 सेंटांवरून अडीच डॉलर केला. स्वतःचा वस्त्रोद्योग उभारण्याचा त्याचा हेतू होता. अमेरिकेतील जुन्या कपड्यांच्या व्यापारी संघटनेने तक्रार केली, आणि 2018 साली अमेरिकेने रवांडाच्या तयार कपड्यांची करसवलत स्थगित केली. 'नको' म्हटल्याबद्दल ज्यात शिक्षा होते, त्यास दान कसे म्हणावे?

या व्यापारावर हजारोंची पोटे चालतात, असा प्रतिवाद होईल. तो खरा आहे. जानेवारी 2025 मध्ये कांतामांतो जळाले, तेव्हा हजारो विक्रेत्यांचा रोजगार गेला. बंदी घाला, असे आम्ही म्हणतच नाही. मात्र जो व्यापार आहे, त्यास व्यापार म्हणावे. मग माल पाहून घेण्याचा, परत करण्याचा आणि कचऱ्याचा खर्च मागण्याचा हक्क आपोआप उभा राहतो. दानाच्या गाईचे दात मोजीत नाहीत, ही म्हण विकलेल्या गाईला लागू नाही.

आमच्या लहानपणी दारी येणारी बोहारीण प्रत्येक जुनेर उजेडात धरून पाहत असे. विरलेले दिसले की बाजूला सारी, आणि पातेल्याऐवजी वाटी पुढे करी. आई घासाघीस करी, पण आपण दान केले असे तिने कधी म्हटले नाही. त्या ओट्यावर बोहारणीला 'नको' म्हणता येत होते. तेवढे स्वातंत्र्य रवांडाला मिळाले नाही.