आधी नोंदणी, मग विश्वास

ज्येष्ठांच्या शुश्रूषेसाठी घरोघर माणसे पाठवणाऱ्या ब्युरोंची नोंदणी राज्य सरकारने सक्तीची करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. घरपोच सेवासंस्थांच्या नोंदणीची तरतूद असलेले २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे २०१९चे केंद्रीय दुरुस्ती विधेयक २०२४मध्ये लोकसभेच्या विसर्जनाबरोबरच बारगळले.

मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत मुले परदेशी असलेल्या घरांतही ज्येष्ठ ‘बाहेरची बाई नको’ असे ठामपणे सांगतात. त्याला हट्ट म्हणणे अन्यायाचे ठरेल. ब्युरो आज एक मावशी पाठवतो, उद्या दुसरी. इन्सुलिन टोचायला ती शिकली आहे का, हे विचारायचे कुणाला? मग आजी कपाटाची किल्ली उशाखाली ठेवतात आणि अंघोळीला एकट्याच जातात. तिथे पाय घसरून खुब्याचे हाड मोडले, की उरलेसुरले स्वावलंबनही जाते. या अविश्वासाची ही किंमत आहे. प्रामाणिकपणे राबणाऱ्या मावशींच्या वाट्यालाही विनाकारण संशयच येतो.

२००७च्या कायद्याने ज्येष्ठांना निर्वाहाचा हक्क दिला, शुश्रूषेच्या दर्जाची हमी नाही. राज्याने आता केंद्राची वाट न पाहता प्रशिक्षण, ओळखपत्र, पोलीस पडताळणी आणि किमान वेतन यांची नियमावली आणावी. तोवर परक्यांवर विश्वास ठेवा, असे ज्येष्ठांना सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही.