कानाची नोंद कोणाच्या वहीत?

सूत घेताना आम्ही गिरणीचे नाव नंतर विचारतो, आधी काउंट विचारतो. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या चाळीस लड्या बसल्या की ते ४० काउंटचे सूत. मग ते कोइमतूरच्या गिरणीचे असो की इचलकरंजीच्या, माप एकच. म्हणूनच एका गिरणीने दर चढवला तर व्यापारी दुसरीकडे जाऊ शकतो. प्रत्येक गिरणीने आपापले गुप्त माप काढले असते, तर जिच्याकडून पहिली गाठ घेतली तिच्याच दारात आम्हाला जन्मभर उभे राहावे लागले असते.

हे आज आठवण्याचे कारण मात्र सूत नाही, कान आहे. आमचे थोरले बंधू भिवंडीत तीस वर्षे यंत्रमागांच्या मधोमध बसून कारखाना चालवीत आले. मागाच्या खडखडाटात समोरच्याचे बोलणे ओठांवरून ओळखण्याची सवय तिथे सर्वांनाच लागते. आपल्याला कमी ऐकू येते, हे घरी आल्यावर बायकामुलांच्या तक्रारीवरून कळते. काही वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही कानांसाठी यंत्रे घेतली. रक्कम लहान नव्हती. दुकानात तपासणी झाली, संगणकाला जोडून यंत्रे जुळवली गेली, आणि हातात काय पडले? एक पावती. पुढे ते दुकान बंद झाले. दुसऱ्या दुकानात नेले तेव्हा तिथल्या मुलाने अदबीने सांगितले, ‘‘चाचा, तुमची यंत्रे दुसऱ्या कंपनीची आहेत. जुनी तपासणी आमच्याकडे नाही. सगळे नव्याने करावे लागेल, आणि यंत्रेही आमच्याकडची घेतलीत तर बरे पडेल.’’

नवी तपासणी झाली. पण मधल्या वर्षांत ऐकणे किती घटले, हे कोणीच सांगू शकले नाही. पहिला आकडाच हरवला होता. आरंभीची शिल्लक नसेल तर कोणता मुनीम नफा-तोटा काढून देईल?

वास्तविक कानाच्या तपासणीला दुनियाभर एकच माप आहे. २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर एकेक करून ऐकवतात आणि प्रत्येक सूर किती डेसिबलला ऐकू आला ते आलेखावर मांडतात. उजव्या कानासाठी लाल गोल, डाव्यासाठी निळी फुली. या आलेखाला ऑडिओग्राम म्हणतात. आवाजाने कान बिघडले असतील तर बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास रेघ खड्ड्यात उतरते. मालेगावात काढलेला हा कागद कोपनहेगनचा डॉक्टरही वाचू शकतो. अडचण कागद संगणकात गेल्यावर सुरू होते.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस संगणकाने जुळवता येणारी श्रवणयंत्रे बाजारात आली. तेव्हा प्रत्येक कंपनीची जुळवणीची पेटी वेगळी, वायर वेगळी, सॉफ्टवेअर वेगळे. चार कंपन्यांचा माल ठेवणाऱ्या दुकानदाराला एकाच रुग्णाचे नाव आणि तपासणीचे आकडे चार ठिकाणी भरावे लागत. एक आकडा चुकला की यंत्र चुकीचे जुळले. या गोंधळात दुकानदारही कंटाळला आणि कंपन्यांचा मालही अडू लागला.

तेव्हा या कंपन्यांनी जे केले ते आपल्या व्यापारी बांधवांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. बाजारात एकमेकांचे गिऱ्हाईक पळवणारे हे उत्पादक एका टेबलाभोवती बसले आणि १९९३ साली डेन्मार्कमध्ये, कोपनहेगन येथे, ‘हिम्सा’ नावाची सामाईक संस्था त्यांनी उभी केली. तिने ‘नोआ’ नावाचे सॉफ्टवेअर काढले. त्याची रीत सोपी आहे. रुग्णाचे नाव, जन्मतारीख आणि ऑडिओग्राम एकदाच, एकाच ठिकाणी नोंदवायचे. प्रत्येक कंपनीचे जुळवणीचे सॉफ्टवेअर नोआच्या आतच उघडते, तीच नोंद वाचते आणि आपले काम झाले की तारखेसह तिथेच जमा करते. दवाखान्याचे बिल आणि भेटीच्या वेळा सांभाळणारे सॉफ्टवेअरही त्याला जोडता येते. यंत्रे जोडण्याची पेटीसुद्धा सामाईक झाली. आधी वायरची होती, पुढे बिनतारी आली. यंत्राचा दर्जा, किंमत आणि सेवा यांत स्पर्धा चालूच राहिली, फक्त मापावरचे भांडण मिटले. यात कोणाचे दिवाळे निघाले नाही. उलट धंदा वाढला.

पण हिशेब पुरता मांडायचा तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सामाईक आहे ती रुग्णाची माहिती आणि तपासणी. कोणत्या सुराला यंत्राने किती जोर द्यावा, ही जुळवणी मात्र प्रत्येक कंपनी आपल्याच भाषेत लिहून ठेवते. ती दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरला वाचता येत नाही. कारागिरीचे गुपित म्हणून हे आम्ही समजू शकतो. रंगाऱ्याने रंगाचा नुस्खा सांगावा असे कोण म्हणेल? परंतु काही विक्रीसाखळ्या यंत्रालाच कुलूप घालतात. ते यंत्र त्यांच्याच दुकानात उघडते, बाहेर कोणाला त्याची जुळवणी बदलता येत नाही. हे गुपित राखणे नव्हे, हे गिऱ्हाईक बांधून ठेवणे आहे. विकलेल्या तागाला आमचाच शिंपी कात्री लावील, अशी अट आम्ही घातली तर बाजार आम्हाला हसेल.

शिवाय सामाईक माप असूनही आमच्या बंधूंच्या हाती काही आले नाही, हे कसे? कारण नोंद दुकानाच्या संगणकात राहिली आणि ती मागायची असते हे आम्हाला ठाऊक नव्हते. इथेच आमचे मुख्य म्हणणे आहे. तपासणी दुकानदाराने केली हे खरे, पण कान रुग्णाचा आहे. ती नोंद दुकानदाराकडे अमानत आहे, त्याची मिळकत नव्हे. नोंदणीकृत डॉक्टरांसाठी २००२ चे नियम आहेत. रुग्णाने कागद मागितले तर ७२ तासांत द्यावेत, असे ते सांगतात. यंत्रे विकणाऱ्यानेही स्वतःला याच मापाने मोजावे. आपली कोणती माहिती साठवली आहे हे विचारण्याचा आणि चूक दुरुस्त करून घेण्याचा हक्क २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मांडला आहे. २०२१ पासून देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये रुग्णाला चौदा अंकी आभा क्रमांक मिळतो आणि त्याच्या संमतीने नोंद एका दवाखान्यातून दुसऱ्याकडे जाऊ शकते. पण नोंद मुळात जोडलीच नसेल तर क्रमांक घेऊन काय करणार?

कोणी म्हणेल, माहिती अशी फिरू लागली तर ती भलत्याच हातात पडेल. ही भीती खोटी नाही. बहिरेपणाची बातमी मालकाला कळली तर मजुराची रोजी जाऊ शकते. म्हणून नोंद फिरावी ती रुग्णाच्या होकाराने, आणि ज्याला गरज आहे त्याच्यापुरतीच. पण दुकान बदलताच नोंद नाहीशी होणे, हा त्या भीतीवरचा उपाय नव्हे.

आता जे लिहितो ते आम्हा कापडवाल्यांना आणि कारखानदारांना कदाचित टोचेल. यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर जाणे नित्याचे आहे. आवाजाने येणारा बहिरेपणा कामगार कायद्यातल्या आजारांच्या यादीत आहे, भरपाईच्या तरतुदींतही आहे. परंतु कामावर लागताना कान कसे होते याचा कागद नसेल तर मजूर सिद्ध काय करणार? आणि इमानदार मालक तरी कसे दाखवणार की हे नुकसान आपल्या शेडमध्ये झालेले नाही? जुनी, तारीखवार नोंद दोघांच्याही कामाची आहे. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था याच कामासाठी उभी आहे. मागावर बसणाऱ्या प्रत्येकाची एकदा तरी तपासणी करून कागद त्याच्या हातात द्यावा, अशी आमची कारखानदार बांधवांना विनंती आहे.

ज्यांच्या घरात यंत्र घ्यायचे आहे त्यांनी पैसे मोजण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. दोन्ही कानांचा ऑडिओग्राम तारीख-सहीसह मिळेल काय? तपासणीची आणि जुळवणीची नोंद दुसऱ्या दवाखान्यात उघडेल अशा फाइलमध्ये द्याल काय? हे यंत्र त्याच कंपनीच्या कोणत्याही विक्रेत्याकडे जुळवता येईल, की फक्त तुमच्याकडेच? तिन्हींना ‘हो’ म्हणणाऱ्याकडे चार पैसे जास्त गेले तरी हरकत नाही.

आमच्या बंधूंचा नवा ऑडिओग्राम आम्ही दुकानाच्या दस्तऐवजांबरोबर तिजोरीत ठेवला आहे. पहिला कागद गेला तो गेला. पुढच्या हिशेबाला निदान हा एक आकडा आपल्या वहीत आहे.