वास्तू उभी राहील, चालवणार कोण?

विशेष प्रतिनिधी

कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेल्या या वास्तूचे नूतनीकरण होऊन फार वर्षे लोटली नव्हती. त्याआधी वर्षभर, जुलै २०२३ मध्ये, पणजीच्या कला अकादमीत नूतनीकरणाचे काम सुरू असतानाच खुल्या नाट्यगृहाच्या रंगमंचावरील छत कोसळले होते. दोन्ही घटनांनंतर हळहळ व्यक्त झाली, चौकशीच्या मागण्या झाल्या. कोल्हापूरसाठी राज्य सरकारने तातडीने निधीही जाहीर केला. मात्र उभारलेली वास्तू वर्षानुवर्षे कोणत्या पैशावर आणि कोणाच्या जबाबदारीवर चालणार, हा प्रश्न या साऱ्या गदारोळात बाजूलाच राहिला.

आपल्याकडे सांस्कृतिक संस्थांना बांधकामासाठी पैसा मिळतो. चालवण्यासाठी मिळत नाही. भूमिपूजन आणि उद्घाटन यांना राजकीय मोल असते. वातानुकूलन यंत्रणेची दुरुस्ती, विद्युत तारांची तपासणी किंवा स्वच्छतागृहांची निगा यांची कोनशिला कोणी बसवत नाही. परिणामी दहा-पंधरा वर्षांत वास्तूची रया जाते आणि पुन्हा ‘नूतनीकरणा’ची निविदा निघते.

गल्ला आणि खर्च यांचे व्यस्त गणित

प्रयोगकलांचे अर्थकारण मुळातच अडचणीचे आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्येच त्याची मीमांसा केली होती. कारखान्यात यंत्रे आली की कमी माणसांत अधिक माल तयार होतो. परंतु चार वादकांसाठी दोनशे वर्षांपूर्वी रचलेली संगीतकृती सादर करायला आजही चारच वादक आणि तेवढाच वेळ लागतो. बाहेरच्या जगातील वेतनमान मात्र वाढत राहते. त्यामुळे उत्पन्न आणि खर्च यांतील दरी रुंदावत जाते. ही दरी गैरकारभारातून निर्माण होत नाही; ती या व्यवसायाच्या प्रकृतीतच आहे. कारभार ढिसाळ असेल, तर ती अधिक वेगाने वाढते एवढेच.

मराठी नाटकाचा हिशेब पाहिला तरी हे ध्यानात येते. समजा, आठशे आसनांच्या नाट्यगृहात सरासरी ३०० रुपये तिकिटाने निम्मी आसने भरली, तर गल्ला १ लाख २० हजार रुपयांचा होतो. त्यातून नाट्यगृहाचे भाडे, कलाकारांची नाइट, रंगमंच कामगारांचे मानधन, ध्वनी-प्रकाशयोजना, नेपथ्याची वाहतूक, वृत्तपत्रातील जाहिरात आणि ऑनलाइन बुकिंगचे कमिशन भागवायचे असते. तिकीट वाढवायचे म्हटले, तर जानेवारी २०१८ पासून वस्तू व सेवा कराची माफी ५०० रुपयांपर्यंतच्याच तिकिटाला आहे. शिवाय महाग तिकिटाला प्रेक्षक किती येतील, याची धास्ती असतेच.

निर्मात्याला परवडावे म्हणून पालिका नाट्यगृहाचे भाडे कमी ठेवते आणि ते योग्यही आहे. पण त्या सवलतीचा खर्च वेगळा मांडला जात नाही. भाड्याचे उत्पन्न महापालिकेच्या तिजोरीत जमा होते आणि साध्या दुरुस्तीसाठीही फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरते. नाट्यगृहाचा व्यवस्थापक हा बहुधा अन्य खात्यातून बदलून आलेला कर्मचारी असतो. तारखांचे वाटप हे त्याचे मुख्य काम. खर्चाचा अधिकार त्याला नसतो. राजकीय किंवा शासकीय कार्यक्रमासाठी ऐन वेळी तारीख काढून घेतली जाते, ही नाट्यनिर्मात्यांची तक्रारही जुनीच आहे.

लोकप्रियता आर्थिक स्थैर्याची हमी देत नाही, हे मराठी रंगभूमीला नव्याने सांगण्याची गरज नाही. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या प्रयोगांना प्रेक्षकांची झुंबड उडत असे. तरीही उंची वस्त्रे, अत्तरे, गालिचे अशा वैभवाच्या खर्चापुढे मंडळीवर कर्जाचा डोंगर उभा राहिलाच.

मुंबईतील एक उदाहरण

पालिकेच्या मालकीची संस्था निराळ्या पद्धतीने चालवता येते, याचे उदाहरण भायखळ्याला आहे. १८७२ मध्ये खुल्या झालेल्या आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या वास्तूची विसाव्या शतकाच्या अखेरीस दुरवस्था झाली होती. २००३ मध्ये मुंबई महापालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. मालकी पालिकेकडे राहिली. कारभारासाठी स्वतंत्र विश्वस्त संस्था आली. जीर्णोद्धाराला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा वारसा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा प्रेक्षकांसाठी खुले झाले. त्यानंतर प्रदर्शने आणि व्याख्याने सातत्याने झाली. जीर्णोद्धारासोबत कारभाराचीही व्यवस्था लावली गेली, हे या प्रयोगाचे मर्म आहे.

अर्थात, संग्रहालयाचा साचा नाट्यगृहाला जसाच्या तसा लागू पडणार नाही. खासगी भागीदार आला की भाडे वाढेल आणि हौशी संस्था, एकांकिका करणारे विद्यार्थी, राज्य नाट्य स्पर्धेतील संघ यांना दारे बंद होतील, ही भीती रास्त आहे. त्यावर उपाय करारातच हवा. सवलतीच्या दराने किती तारखा राखीव राहतील आणि त्या सवलतीची भरपाई पालिका दरवर्षी किती करेल, हे आधीच लिहून ठेवता येते.

निधीचे तीन स्रोत

कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते आणि त्या यादीत कला व संस्कृतीचा समावेश आहे. प्रत्यक्षात या निधीचा मोठा वाटा शिक्षण आणि आरोग्याकडे जातो. १ एप्रिल २०२१ पासून हा निधी घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ अर्जाद्वारे नोंदणी करणे बंधनकारक झाले. हिशेब, अहवाल आणि नोंदणी चोख ठेवणारा माणूसच पदरी नसेल, तर छोट्या संस्थेला या दारापर्यंतही पोहोचता येत नाही.

दुसरा स्रोत सभासद वर्गणी आणि देणग्यांचा, तर तिसरा कायम निधीचा. कायम निधी म्हणजे मुद्दल राखून उत्पन्न वापरण्याची सोय. त्याचे महत्त्व संकटात कळते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरासारख्या बलाढ्य संस्थेलाही करोनानंतर प्रेक्षक घटल्याने २०२२ च्या अखेरीस आपल्या कायम निधीतून ३ कोटी डॉलरपर्यंत रक्कम काढण्याचा निर्णय घ्यावा लागला. प्रयोगांची संख्या कमी करण्याचेही ठरले. संस्था तरली, कारण काढायला गाठीशी काही होते. आपल्याकडील बहुतेक संस्थांची गंगाजळी एका मोसमाचा फटकाही सोसू शकणार नाही.

व्यवस्थापन हा शब्द कलेच्या प्रांतात अनेकांना खटकतो. व्यापारी हिशेब आला की प्रयोगशीलता संपते, असे मानले जाते. वास्तविक तोट्यात जाणारे प्रायोगिक नाटक लावण्याची मुभा संस्थेला तेव्हाच मिळते, जेव्हा तो तोटा आधी गृहीत धरून त्याची तजवीज केलेली असते. ज्या संस्थेला पुढील महिन्याचे वीजबिल कसे भरायचे हेच ठाऊक नसते, ती हमखास चालणाऱ्या कार्यक्रमांपलीकडे जाण्याचे धाडस करत नाही.

कोल्हापूरच्या निमित्ताने हे सारे मार्गी लावण्याची संधी आहे. नाट्यगृहाचे स्वतंत्र खाते, खर्चाचे अधिकार असलेला प्रशिक्षित व्यवस्थापक, दरवर्षी देखभालीसाठी बाजूला काढलेली रक्कम आणि अग्निसुरक्षेचा जाहीर वार्षिक अहवाल, यांसाठी नवा कायदा करावा लागणार नाही. पालिकेचा ठराव आणि इच्छाशक्ती पुरेशी आहे. बांधकामाचे अंदाजपत्रक तयार करताना पुढील दहा वर्षांच्या कारभाराचे अंदाजपत्रकही कोल्हापूरकरांपुढे ठेवले गेले पाहिजे. तसे झाले नाही, तर नव्या नाट्यगृहाची वाटचालही पुढच्या नूतनीकरणाच्या निविदेकडेच होत राहील.