ई-पीक पाहणी: तलाठ्याचं काम शेतकऱ्याच्या मोबाइलवर आलं, पण नोंद राहिली तर भुर्दंड कुणाला?

परभणी जिल्ह्यातल्या पाथरी तालुक्यात खरिपाची पेरणी आटोपली की शेतातलं आणखी एक काम उरतं. आपल्या गटात उभं राहायचं, जीपीएस लागेपर्यंत थांबायचं आणि सोयाबीन, कापूस किंवा उसाचा फोटो मोबाइलवर काढायचा. हीच ई-पीक पाहणी.

ही पद्धत का आली?

सातबाऱ्यातला गाव नमुना सात सांगतो जमीन कुणाची आहे. गाव नमुना बारा सांगतो तिच्यात काय पिकतंय. बाराची नोंद पूर्वी तलाठी करायचे. एकेका तलाठ्याकडे अनेक गावं, त्यामुळे बांधावर न जाताच नोंदी होतात, अशी तक्रार असायची.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ही नोंद शेतकऱ्यानं स्वतः करायची पद्धत सुरू झाली. ॲपमध्ये गट क्रमांक, पीक, क्षेत्र आणि सिंचनाचं साधन भरावं लागतं. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर भिजणारं शेत असेल तर कालवा, नसेल तर विहीर किंवा कोरडवाहू. आपलं पीक आपणच नोंदवायचं, ही यातली जमेची बाजू.

नोंद राहिली तर काय होतं?

२०२३ च्या खरिपातल्या सोयाबीन-कापूस उत्पादकांना राज्य सरकारनं २ हेक्टरच्या मर्यादेत हेक्टरी ५ हजार रुपये जाहीर केले. त्यासाठी आधी ई-पीक पाहणीची अट होती. म्हणजे २ हेक्टर सोयाबीन घेणाऱ्याचे १० हजार रुपये एका नोंदीवर अवलंबून होते. अनेक जण वगळले जाणार हे दिसल्यावर २०२४ मध्ये ही अट शिथिल झाली आणि सातबाऱ्यावरची पिकाची नोंदही चालेल असं ठरलं.

पण अशी सूट दरवेळी मिळत नाही. हमीभाव केंद्रावर सोयाबीन विकायचं तर पिकाची नोंद असलेला सातबारा लागतो. विमा उतरवलेलं पीक आणि पाहणीतलं पीक जुळलं नाही, तर पाहणीतली नोंद ग्राह्य धरली जाते.

खरा प्रश्न कुठे आहे?

पूर्वी नोंद चुकली तर तलाठ्याला जाब विचारता यायचा. आता नोंद राहिली तर 'तुम्हीच केली नाही' असं उत्तर मिळू शकतं. स्मार्टफोन नसलेले, वयस्कर किंवा शेत वाट्यानं देऊन कामासाठी बाहेरगावी गेलेले शेतकरी इथे अडकतात. राहिलेल्या नोंदींसाठी गावपातळीवर सहायक नेमले जातात. पण सहायक शेतात आला का, त्यानं कोणतं पीक लिहिलं, हे पाहण्याची जबाबदारीही शेवटी शेतकऱ्यावरच येते.

म्हणून फोटो अपलोड झाला म्हणजे काम संपलं असं नाही. मुदत संपण्याआधी ॲपमध्ये आणि नंतर सातबाऱ्यावर आपलं पीक लागलंय का, हे एकदा बघून घ्यायला हवं. शेतात डोलणारं सोयाबीन सगळ्या गावाला दिसत असतं, पण अनुदान आणि खरेदी केंद्राच्या यादीत जातं ते नोंदवलेलं पीक.