मिर्झाची हवेली आणि आमचे वाडे

शूजित सरकार यांचा 'गुलाबो सिताबो' हा चित्रपट 12 जून 2020 रोजी, टाळेबंदीत चित्रपटगृहे बंद असताना, थेट अ‍ॅमेझॉन प्राइमवर आला. त्याविषयी आमच्या मंडळींत तेव्हा जे दोन तट पडले ते अद्याप मिटलेले नाहीत. एक तट म्हणतो, चित्रपट संथ आहे, विनोद पोटात शिरत नाही आणि भाडेकरूंच्या हालअपेष्टांची थट्टा केली आहे. दुसरा तट, ज्यात वाडेवाले अधिक, म्हणतो की घरमालकाला उगाच चोर ठरविले; तीस रुपये भाड्यात डागडुजी कोण करील?

आम्हांस हे दोन्ही आक्षेप मान्य नाहीत. त्यातही दुसरा तर मुळीच नाही.

लखनौची ती फातिमा महल नावाची हवेली ढासळत चालली आहे. बांके एक लाथ मारतो आणि संडासाची भिंत पडते; मग ती बांधायची कोणी यावरून वाद पोलीस चौकीपर्यंत जातो. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा मिर्झा भाडेकरूंचे दिवे आणि सायकलच्या घंट्या चोरून विकतो, पण भिंतीला एक वीट लावीत नाही. येथवर पाहून जे त्याला 'बेफिकीर घरमालक' म्हणून मोकळे होतात, त्यांनी जूही चतुर्वेदी यांची पटकथा नीट पाहिलेली नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. मिर्झा मालक नाहीच! हवेली बेगमेची. मिर्झा हा तिच्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान असलेला घरजावई, तिच्या मरणाची वाट पाहत बसलेला. जी वास्तू उद्या आपली होणार आहे ती आज कोणाचीच नसते. म्हणून तिला गिलावा होत नाही. चित्रपट संथ आहे तो याच कारणाने. वाट पाहणे हाच त्याचा विषय आहे. (अमिताभ बच्चन यांचे ते कृत्रिम नाक मात्र आम्हांसही जड वाटले, आणि बांकेचे कुटुंब सोडल्यास इतर भाडेकरू केवळ गर्दी म्हणून उरतात, हेही खरे.)

आता तीस रुपयांविषयी. भाडे गोठल्याने मालक नागवला गेला, यात तथ्य आहे. मुंबई राज्याच्या 1947 च्या कायद्याने प्रमाणभाडे सप्टेंबर 1940 च्या भाड्याशी बांधले, आणि तोच कायदा पुढे गुजरातेतही चालत राहिला. बडोद्याच्या मंडळींना हे सांगावयास नको. आमच्या मध्य प्रदेशात 1961 चा स्थान नियंत्रण अधिनियम आला. परंतु ज्या वाड्यात एकही भाडेकरू उरलेला नाही, त्याची गच्ची का गळते? तेथे कोणता कायदा आडवा आला? आमच्या माहितीतील इंदुरातील एका वाड्याचे हिस्सेदार तीन पिढ्यांत वाढत वाढत पुणे, मुंबई आणि अमेरिकेपर्यंत पसरले आहेत. वाटणीचा दावा चालू आहे. वर्गणी काढून सज्जा सावरावा म्हटले, की प्रत्येक जण विचारतो, माझा हिस्सा किती ते आधी ठरू द्या. बिल्डर आला की मात्र सर्वांना आपला हिस्सा तोंडपाठ असतो.

त्या हिस्सेदारांपैकी दोघे आमच्या बैठकीत मिर्झाला मनसोक्त हसले, आणि चहाच्या वेळी चित्रपटाने मालकवर्गाची बदनामी केली म्हणून तक्रारही केली. आम्हांस त्यांचा राग आला, हे लपवीत नाही. शेवटी बेगम हवेली एका रुपयात जुन्या प्रियकराला देऊन निघून जाते आणि मिर्झाला तिची एक खुर्ची मिळते; तीही तो अडीचशे रुपयांना विकतो. या प्रसंगाला ते हसले नाहीत. फरूख जफर यांना त्या बेगमेच्या भूमिकेसाठी 2021 मध्ये फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी त्या निवर्तल्या.

इंदुरातल्या त्या वाड्याच्या मागच्या चौकात एक वृद्ध भाडेकरू राहतात. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ते स्वतःच्या पैशाने कवेलू शाकारून घेतात. हिस्सेदारांच्या वकिलाने त्यांना नोटीस दिली आहे, विनापरवानगी बांधकाम केल्याबद्दल.