इतिहासाचा पहिला पाठ मंडईत

सहा-सात वर्षांच्या मुलाला इतिहास शिकवावयाचा म्हटले की आपण त्याच्यापुढे राजघराणी, लढाया, तह आणि सनावळ्या यांचे दप्तर उघडतो. आणि ज्या वयात काल व परवा यांतील अंतरही मनात नीट ठरलेले नसते, त्या वयात शतकांचे हिशेब त्याच्या स्मरणशक्तीवर लादून, पुढे त्याला या विषयाचा कंटाळा आला म्हणजे दोष मात्र त्याच्या बुद्धीला देतो. मूल आपण होऊन जे विचारते ते अगदी निराळे असते. विजेचे दिवे नव्हते तेव्हा रात्री लोक काय करीत, आजोबांचे आजोबा कशाशी खेळत, गोष्टी कोण सांगे, गाणी कोण गाई, हे त्याला जाणून घ्यावयाचे असते. चौथीत शिवछत्रपतींचे चरित्र शिकवतात, ते अवश्य शिकवावे. माझे म्हणणे त्याआधीच्या दोन-तीन वर्षांविषयी आहे. त्या वर्षांत इतिहासाचा आरंभ पूर्वजांच्या मनोरंजनापासून व्हावा, असे माझे ठाम मत आहे. आणि गोंदिया जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर त्याला लागणारे सारे साहित्य गावच्या शिवारातच हजर आहे.

हा जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला, म्हणजे कारभाराच्या दृष्टीने तो तरुणच. परंतु आठव्या शतकातील भवभूतीने आपल्या घराण्याचे गाव म्हणून विदर्भातील ज्या पद्मपुराचा उल्लेख केला, ते आमगावजवळचे पदमपूर होय, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले आहे. या महाकवीची तिन्ही नाटके कालप्रियनाथाच्या यात्रेत रंगभूमीवर आली, असे त्यांच्या प्रस्तावनांवरूनच कळते. करुणरसाची मीमांसा बालकाला सांगण्याचे काही प्रयोजन नाही. पण एवढे मोठे नाटक यात्रेला लोटलेल्या समुदायासमोर होत असे, हे त्याला सांगितले की यात्रा पाहिलेल्या त्या मुलाला आणखी काही समजावून द्यावे लागत नाही. आणि उत्तररामचरिताच्या चौथ्या अंकातील तो प्रसंग तर मुलांना सांगण्यासाठीच निर्माण झाला आहे असे मला वाटते: वाल्मीकींच्या आश्रमात थोर पाहुणे येतात, त्यामुळे शिष्यांना अध्ययनापासून सुट्टी मिळते, सगळा आश्रम मुलांच्या खेळण्याने गजबजून जातो, आणि घोडा नावाचा प्राणी ज्यांना केवळ ऐकून ठाऊक होता ती बटूंची टोळी तो प्रत्यक्ष पाहून धावत लवाकडे येते, त्याच्या लांब शेपटीचे, चार खुरांचे आणि गवत खाण्याचे वर्णन एका दमात करते व लवाला ओढून घेऊन जाते. बाराशे वर्षांपूर्वीची मुले आपल्यासारखीच होती, हे ज्ञान सातव्या वर्षी होणे ही लहान गोष्ट नव्हे.

यात्रेत नाटक करण्याची ती रीत झाडीपट्टीत आजही नांदते आहे. दिवाळीचा पाडवा उलटला, हलक्या धानाची कापणी होऊन शेतकऱ्याच्या हाती चार पैसे आले, की गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या मुलखात मंडईचा हंगाम सुरू होतो. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. त्या दिवशी लेकी-जावई येतात, सोयरिकी जुळतात, गोवारी बांधवांच्या ढाली वाजतगाजत निघतात, शिंगाड्यांचे ढीग, जिलबीच्या कढया, फुगे आणि पुंग्या यांनी गावचे मोकळे आवार भरून जाते. दुपारी कुठे दंडार, कुठे खडी गंमत. खडी गंमत पाहणाऱ्या मुलाकडे एकदा निरखून पाहावे. तिला पडदा नाही, मंच नाही. माणसांच्या कड्यात मधली जागा मोकळी सोडलेली, तिथे ढोलकी, टाळ आणि तुणतुणे घेतलेली मंडळी आरंभापासून अखेरपर्यंत उभी. फेटा बांधलेला शाहीर एक हात कानावर ठेवून वरचा सूर लावतो, लुगडे नेसून घुंगरू बांधलेला पुरुष मुरकत पुढे येतो, सोंगाड्या झाडीबोलीत त्याला उलटसुलट प्रश्न विचारतो, आणि सर्वांत पुढे मातीत मांडी घालून बसलेले ते मूल हातातला शिंगाडा सोलावयाचा विसरून, आपल्या घरात बोलली जाणारी भाषा चारचौघांत मोठ्याने बोलली जाताना ऐकते. शाळेच्या पुस्तकात ती भाषा त्याला भेटत नाही. म्हणून मला या क्षणाचे मोल फार वाटते.

रात्री नाटक. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या व्यवसायाचे मुख्य ठाणे. तिथल्या नाट्यमंडळ्या होळीपर्यंत गावोगाव प्रयोग करीत हिंडतात, आणि प्रयोग रात्री उशिरा उभा राहून पहाटेपर्यंत चालतो. या रंगभूमीच्या सेवेबद्दल डॉ. परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या पुष्कळ वाचकांनी झाडीपट्टीचे नाव पहिल्यांदा वाचले असेल. आपल्या मुलांच्या कानावर ते आईच्या मांडीवर पेंगत असतानाच पडलेले असते.

याहून मागे जावयाचे असेल तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा पुरेसा आहे. चाकांवर उभा असलेला लाकडी बैल, त्याच्या शिंगांना बेगड, गळ्यात घुंगुरमाळ, पुढे ओढावयाची दोरी, आणि नवे कपडे घालून दारोदार बोजारा मागत फिरणारी मुले. ज्याचा बैल गुडघ्याएवढा तो आणि ज्याचा वीतभर तो, दोघेही एकाच तोरणाखाली उभे. अशाच एका मुलाला जवळ घेऊन सांगावे की हडप्पा संस्कृतीच्या गावांतून मातीच्या छोट्या बैलगाड्या मोठ्या संख्येने सापडल्या आहेत. आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील दायमाबादला, 1974 साली एका शेतकऱ्याला जमिनीत ब्राँझचा रथ मिळाला, त्याला बैलांची जोडी जुंपलेली आहे. त्याच्यासोबत हत्ती, गेंडा आणि म्हैस, आणि त्यांनाही चाकांची योजना. त्या वस्तू चांगल्याच वजनदार असल्याने लहानग्यांच्या खेळातल्या खचितच नव्हेत, पण प्राण्याला चाके लावून ओढण्याची हौस किती जुनी आहे याचा तो दाखला आहे. मग शूद्रकाच्या नाटकातील रोहसेनाची गोष्ट सांगावी: शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून आपल्या मातीच्या गाडीवर रुसलेला तो मुलगा, आणि अंगावरचे दागिने उतरवून ती मातीची गाडी भरून देणारी वसंतसेना. ऐकणाऱ्याच्या हातात दोरी असेल तर ही गोष्ट त्याला कोणत्याही चित्राविना दिसते.

विटीदांडू, सागरगोटे, सोंगट्या यांविषयी येथे लिहीत नाही. ते घरातल्या कोणत्याही वडीलधाऱ्या माणसाला विचारावे.

सालेकसा तालुक्यातील कचारगडाविषयी मात्र लिहिलेच पाहिजे. माघ पौर्णिमेला निरनिराळ्या राज्यांतून गोंड समाज तिथल्या गुहेशी लोटतो. परंपरा सांगते की काली कंकालीची मुले त्या गुहेत कोंडली गेली होती, तोंडाशी प्रचंड शिळा होती. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांच्या सुटकेचा प्रयत्न केला, तेव्हा हिरासुका पाटालीर या वादकाने आपल्या किंगरीचे सूर छेडले, त्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगी बळ संचारले, त्यांनी शिळा ढकलून दिली, आणि तिच्याखाली तो वादकच चिरडला गेला. संगीत हे रिकाम्या वेळेचे साधन आहे असे मानणाऱ्यांनी या कथेचा विचार करावा. इथे बंदिवान मुले आहेत, आणि त्यांना मोकळे करण्याच्या कामी एका कलावंताने प्राण वेचले आहेत. ही कथा जिल्ह्यातील प्रत्येक मुलाला, तो गोंड असो वा नसो, ठाऊक असली पाहिजे; आज ती ज्यांना ठाऊक नाही अशी मुले याच जिल्ह्यात मोठी होतात, याचे मला मनापासून दुःख होते.

पूर्वीचे सगळेच निर्मळ होते असे मुलांना सांगणे हा अन्याय होईल. शंकरपटातील बैलांच्या शर्यतीचा थरार खरा, पण बैलाला होणाऱ्या यातनांचा प्रश्नही खरा. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली शर्यतींना मनाई केली, 2021 च्या डिसेंबरात अटींवर परवानगी दिली आणि 2023 च्या मे महिन्यात घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. आठ वर्षांच्या मुलाला कलमे नकोत. परंतु आपल्या गमतीसाठी दुसऱ्या जिवाला किती राबवावे, हा प्रश्न त्याला उत्तम कळतो. तसेच लुगडे नेसलेला पुरुष पाहून, बायका का नाचत नव्हत्या, असे एखाद्या मुलीने विचारलेच तर शिक्षकाने तिला खरे उत्तर द्यावे, आणि आज झाडीपट्टीच्या नाटकांतून स्त्रिया भूमिका करतात हेही सांगावे.

प्रत्यक्ष करावयाचे ते फार थोडे आहे. मंडईचे बरेचसे दिवस दिवाळीच्या सुट्टीत येतात, तेव्हा शाळेने सुट्टीपूर्वी मुलांना काय पाहावयाचे ते सांगावे आणि सुट्टीनंतर एक आठवडा, जे पाहिले ते त्यांच्याकडून ऐकावे. ते झाडीबोलीत, पोवारीत किंवा गोंडीत सांगितले तरी शिक्षकाने मध्येच शुद्ध करू नये. ग्रामपंचायतीने मंडईच्या खर्चातच तरतूद करून दुपारचा एक तास दंडारीच्या जुन्या जाणत्यांसाठी राखावा, पुढच्या रांगा मुलांना द्याव्यात, आणि त्या वृद्ध कलावंतांना नारळ-शालीवर न बोळवता रोख मानधन द्यावे. यासाठी शिक्षण विभागाच्या कचेरीतून हुकूम निघण्याची वाट पाहावी लागत नाही. सरपंच, मुख्याध्यापक आणि दंडारीचा शाहीर हे तिघे बहुतेक गावांत एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहतात, आणि तिघांनी मिळून धान बांधीत उभे असतानाच हे ठरवून टाकावे.