गाय गाभडली, तोटा कोणाचा?



डोणगाव भागात बैठकीला बसलो की कापसाच्या भावावरून बोलणे गोठ्यावर येतेच. पाच-सहा महिन्यांची गाभण गाय. ताप नाही, चारा सोडलेला नाही, आणि एका सकाळी गाभ टाकलेला. कोणी म्हणतो नजर लागली, कोणी नशिबाला बोल लावतो. कोरडवाहू घरात एक वेत जाते म्हणजे वर्षाचे दूध जाते आणि औताचा होणारा गोऱ्हाही जातो.

गाभ जाण्याची कारणे अनेक आहेत. त्यांतले एक म्हणजे निओस्पोरा हा डोळ्यांना न दिसणारा परजीवी. मूळचे भारतीय शास्त्रज्ञ जितेंद्र प्रकाश दुबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये त्याला नाव दिले. तो कुत्र्याच्या विष्ठेतून पसरतो, हे १९९८ मध्ये सिद्ध झाले. बाधित गाईची वार कुत्रा खातो. मग त्याच्या विष्ठेतून रोगाचे बीज कडब्यात, ढेपेत, पाण्यात उतरते आणि तिथून गाईच्या पोटात जाते. गाईकडून ते पोटातल्या कालवडीलाही मिळते. कालवड धडधाकट दिसते, पण रोग जन्मभर बाळगते.

म्हणून वार आणि मेलेले वासरू उकिरड्यावर टाकू नका, खोल पुरा. कडब्याच्या गंजीत कुत्री विऊ देऊ नका. ढेप झाकून ठेवा. उघड्या हाताने वार काढू नका, कारण गाभ टाकायला लावणारा ब्रुसेला हा दुसरा रोग माणसालाही होतो. त्याची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना देण्याचा केंद्राचा कार्यक्रम २०१९ पासून आहे. ती टोचून घ्या.

निओस्पोराला मात्र आपल्याकडे लस नाही, खात्रीचे औषधही नाही. परदेशात अशी गाय कळपातून काढून टाकतात. आपल्या राज्यात गाईची कत्तल १९७६ च्या कायद्याने बंद आहे, २०१५ पासून बैल-वळूही त्यात आले. राहिला बाजार. पण तिथे गाभडणारी गाय दुसऱ्याच्या गळ्यात मारली, तर बुडतो तो आपलाच भाऊ.

आमचे मागणे साधे आहे. गाय गाभडली की तालुक्याच्या दवाखान्याने रक्ताचा नमुना घ्यावा. अकोल्याला पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे. नमुना तिथे तपासावा आणि निकाल लेखी शेतकऱ्याच्या हाती द्यावा. रोग निघाला तर सरकारने गाय ताब्यात घ्यावी आणि तिची किंमत मोजावी. बाहेरची वाट कायद्याने बंद केली, तर आतला तोटा एकट्या शेतकऱ्याने का सोसायचा?